वकिलाच्या चालीचे टायर

आमच्या घरमालकांना माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय नव्हती. समोर कुणी आलं की त्यांची नजर आधी खांद्याच्या शिवणीवर जायची, तिथून बाहीवर, बाहीवरून काजांवर. आणि माणूस गाडीतून उतरलेला असला तर त्याला ओलांडून थेट चाकांवर. चेहरा शेवटी, वेळ उरला तर. त्यांचे सख्खे मेहुणे एकदा नवी गाडी घेऊन हिनकलहून आले. मेहुणे घरात आले, पाणी प्यायले, कॉफी प्यायले, बहिणीची खुशाली विचारून झाली, तरी हे बाहेर रस्त्यावरच. चाकापाशी उकिडवे बसून टायरवरून अंगठा फिरवत होते. आत आले ते एवढंच म्हणाले, "मेहुणे, ब्रेक फार मारता. भीती कशाची वाटते तुमाला?" मेहुणे त्यानंतर बसनं यायला लागले.

सगळं अग्रहार, म्हणजे आमची पेठ, त्यांना मेष्ट्रू म्हणायचं. म्हैसुरात शाळेत शिकवणारा मेष्ट्रू आणि कापड कापणाराही मेष्ट्रू. हे दुसऱ्या जातीचे. तीन-चार पिढ्यांमागे यांचे लोक कापडाचे गठ्ठे आणि विठ्ठलाची मूर्ती घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी निम्म्या वाटेत कानडीच्या घरी चहाला थांबायची.

मी म्हैसूरला गेले ती टायरच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या नोकरीवर. रबराचे तुकडे तुटेपर्यंत ताणायचे आणि कधी तुटले ते लिहायचं, हे माझं काम. साताऱ्याहून आलेल्या एकट्या मुलीला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. तीन घरांत लग्न कधी करणार म्हणून विचारलं, चौथ्या घरात मासे खाता का म्हणून. पाचवं घर मेष्ट्रूंचं. त्यांनी काहीच न विचारता माझ्या बाहीची कड चिमटीत धरली.

"कुणी शिवलं?"

"साताऱ्यात एका..."

"फसवलं तुमाला. काय काम करता?"

मी काम सांगितलं. मेष्ट्रूंनी गळ्यातली टेप काढली, घडी केली आणि मशीनवर ठेवली. ते अशी टेप फक्त देवळात आणि स्मशानात काढतात, हे मला पुढे कळलं.

"वरची खोली तुमची."

"पण भाडं, नियम वगैरे..."

"ते घरातली सांगेल. मेडम, मला एक सांगा. टायर रस्ता धरतो म्हणतात. धरतो म्हणजे नक्की काय करतो?"

पुढची चार वर्षं मी त्या घरात राहिले. या प्रश्नाचं त्यांना पटेल असं उत्तर मला काही देता आलं नाही.

खाली घरातच मेष्ट्रूंचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत पडद्याआड एक गाडी होती. विलायती, बुटकी, उघडी, दोनच माणसांची. रंग कच्च्या कैरीचा. मेष्ट्रूंच्या वडिलांकडे कॉफीमळ्याचा एक साहेब कपडे शिवून घ्यायचा. मळा विकून तो मायदेशी निघाला तेव्हा गाडी मेष्ट्रूंच्या हवाली करून गेला. म्हणाला, मळ्यावरच्या कुणाला दिली तर तो हिच्यातून कोंबड्या नेईल. तुझा निदान हात हलका आहे. तेव्हापासून गाडी यांची. तिच्यावर पांघरूण होतं, तेही यांनी स्वतः शिवलेलं, आतून अस्तर लावून. त्यासाठी गाडीची मापं माणसाची घेतात तशी वहीत लिहिली होती: छाती, कंबर, उंची. कंपनीचं नाव मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. "बायकोला कुणी माहेरच्या आडनावानं हाक मारतं का?" म्हणायचे. माझ्यासमोर तिला 'आमची' म्हणायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, 'घरातली' म्हणायचे. आमची आणि घरातली यांचं आपसात पटत नव्हतं.

त्याचं कारण होतं. बंगळूरच्या पलीकडे लढाईच्या काळात बांधलेली आणि पुढे कुणालाच नको झालेली एक धावपट्टी होती. थंडीत एका रविवारी गाड्यांचे हौशी लोक तिथे जमायचे. डॉक्टर, मळेवाले, एक-दोन निवृत्त लष्करी अधिकारी. शर्यत अशी नाही. पत्र्याच्या डब्यांनी वळणं आखायची, एकेकानं गाडी पळवायची आणि घड्याळ लावून वेळ बघायची. बक्षीस म्हणाल तर दुसऱ्याची जिरवल्याचं समाधान. या मंडळींत आमचे मेष्ट्रू एकटेच शिंपी. टेप गळ्यात आणि कानावर खडू, तशाच अवतारात स्टिअरिंगमागे बसायचे.

त्या खडूची गंमत सांगायलाच हवी. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा मेष्ट्रू कापडावर ओढायच्या चपट्या खडूनं चारही टायरच्या कडांवर उभ्या रेघा मारत बसले होते. कुणीतरी हसून विचारलं, "काय मास्टर, काज कुठे करायचं ते आखताय?" मेष्ट्रूंनी उरलेल्या रेघा पुऱ्या केल्या. एक फेरी मारून आले आणि रेघा बघायला लागले. वळणावर टायर कलंडतो, तेवढी रेघ पुसली जाते. फार पुसली तर हवा कमी, अजिबात पुसली नाही तर हवा जास्त. त्यांनी पुढच्या चाकांत किंचित हवा भरली, पुन्हा रेघा, पुन्हा फेरी. दुपारपर्यंत तो हसणारा मळेवाला खडू मागायला आला. मेष्ट्रूंनी दिला, पण आधी त्याच्या पँटची शिलाई उसवलेली दाखवून मग दिला.

टायर निवडायची त्यांची पद्धत कुठल्याही पुस्तकात नव्हती. नव्या टायरवर त्यांचा विश्वासच नव्हता. "बाळ जन्मलं की पहिलं अंगडं कोऱ्या कापडाचं शिवतात का मेडम? आजोबांचं मऊ झालेलं धोतर फाडून शिवतात. कोरं कापड टोचतं. त्याला माणसाच्या अंगाची ओळख नसते. टायरचंही तेच. अर्धा झिजू दे, रस्त्याची ओळख होऊ दे. मग बसतो." मी प्रयोगशाळेत हे सांगून हसवलं सगळ्यांना. आमचे साहेब मात्र हसले नाहीत. नव्या टायरची नक्षी उंच असते, वळणावर तिचे ठोकळे लवतात आणि गाडी भुसभुशीत वाटते. अर्धा झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर घट्ट बसतो, हे त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवलं. म्हणजे शिंपी बरोबर आणि मी पदवीधर.

यातून मी शहाणं व्हायला हवं होतं. झाले नाही. त्याच सुमारास बाजारात रेडियल टायर नवे नवे आले होते आणि आमच्या प्रयोगशाळेत दुसरं काही बोलणंच नव्हतं. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये आतले धागे तिरके, एकमेकांना छेदत टाकलेले असतात. रेडियलमध्ये ते या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. मी मेष्ट्रूंना तक्ते दाखवले, आलेख दाखवले. त्यांनी तक्ते बाजूला ठेवले आणि टायरच्या अंगावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे जुना उरेब कापलेला आणि हा सरळ धाग्यात. वरनं कमरपट्टा."

"तसं म्हणा हवं तर. पण पकड जास्त आहे मेष्ट्रू. कागदावर सिद्ध झालंय."

"उरेब कापड फाटायच्या आधी ताणतं. ताणून सांगतं, बाबा, पुरे. सरळ धागा सांगत नाही. एकदम टरकन."

पण चौथी शिकलेल्या माणसाला पदवीचा आदर फार. त्यांनी माझं ऐकलं. त्या वर्षी रेडियल घालून ते वळणावर गेले. गाडी पहिल्या फेरीत अशी चिकटून गेली की मी उड्या मारल्या. दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर टायरनी आवाजसुद्धा न करता रस्ता सोडला. गाडी स्वतःभोवती फिरत नाचणीच्या शेतात गेली आणि मेष्ट्रूंच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

शिंप्याचा उजवा हात. तीन महिने कात्री धरता आली नाही. काकूंनी दिवसभर मशीन चालवून दुकान तगवलं आणि माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, ते बरोबरच होतं. मला जेवण जात नव्हतं. मेष्ट्रू प्लॅस्टरमधून मलाच समजावायचे. "टायर चांगलाय मेडम. सुम्ने त्याला नावं ठेवू नका. फक्त बोलत नाही, अष्टे, एवढंच. काही माणसंही नसतात का तशी?"

गाडी शेतात जायची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला मेष्ट्रूंनी घरी येऊन सांगितलं होतं, "जरा बाजूला घेतली." बाजूला म्हणजे पाऊण फर्लांग, हे काकूंना परक्याकडून कळलं होतं. म्हणून या वेळी प्लॅस्टर निघाल्याबरोबर काकू त्यांना गल्लीच्या टोकाच्या विठ्ठलाच्या देवळात घेऊन गेल्या आणि देवाच्या पायावर त्यांचाच तो बरा झालेला हात ठेवायला लावला.

"म्हणा. पुन्हा गाडीचं चाक रस्त्याखाली उतरलं तर गाडी विकीन."

मेष्ट्रू म्हणाले.

"आणि हेही म्हणा. उतरलं की नाही, ते घरातली सांगेल. मी सांगणार नाही."

हे म्हणताना मेष्ट्रूंनी टेप काढलेल्या गळ्यावरून हात फिरवला, पण म्हणाले. विठ्ठलापुढे दिलेला शब्द हे लोक मोडत नाहीत. घेणारा तयारच होता. बंगळूरचा एक हौशी गृहस्थ दर सहा महिन्यांनी पत्र लिहून गाडी मागायचा. त्याला कुठून कळलं कोण जाणे, पुढच्या थंडीत आपण ड्रायव्हर घेऊनच येतो, असं त्यानं कळवून टाकलं.

न जाण्याचा पर्याय होता. मी तो सुचवलाही. मेष्ट्रू म्हणाले, "शिवलेला कोट कुणी पेटीत ठेवायला शिवतं का?" तेव्हा उरलं एकच, की टायर असे हवेत की ते रस्ता सोडणार नाहीत, आणि सोडणार असतील तर आधी सांगतील.

मग शोध सुरू झाला. आमच्या गाडीला अँबॅसडरचा टायर बसायचा. त्यामुळे म्हैसुरातल्या प्रत्येक उभ्या अँबॅसडरपाशी मेष्ट्रू उकिडवे दिसायला लागले. बाजारात एकदा त्यांना चोर समजून धरलं. सोडलं तेव्हा त्यांनी धरणाऱ्याच्या कॉलरचा कॅनव्हास मोडलाय ते सांगितलं. शेवटी त्यांना हवे तसे चार टायर सापडले, ते आमच्याच गल्लीत. वकिलांच्या गाडीला.

वकील आमच्यासारखेच मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. गाडी जायची कोर्टात आणि दर एकादशीला सोसलेच्या मठात. काटा चाळीसच्या वर गेलेला त्या गाडीनं पाहिला नव्हता. वकील एकदम ब्रेक मारायचे नाहीत, कारण एकदम काही घडेल इतक्या वेगानं ते जायचेच नाहीत. शेजारी वकीलीणबाई, भरल्या अंगाच्या, शांत. याचा परिणाम असा की चारही टायर उरेब जातीचे, अर्धे झिजलेले, आणि कुठे रेघभर कमी-जास्त नाही. त्यांच्याकडे बघताना मेष्ट्रूंच्या तोंडाला पाणी सुटायचं.

ते सरळ वकिलांकडे गेले. मी साक्षीला. म्हणाले, तुमचे चार जुने टायर मला द्या, मी चार नवे देतो.

वकिलांनी चष्मा पुसला. "मेष्ट्रे, नवे देणार आणि जुने घेणार?"

"हौदु."

"यात तुमचा इंटरेस्ट काय?"

"काही नाही. सुम्ने."

इथेच चूक झाली. वकिलांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात कुणी काही 'सुम्ने', म्हणजे उगीच, केल्याची एकही केस आली नव्हती. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी स्टँप पेपरवर करारनामा तयार होता आणि त्यात एक कलम होतं, की टायरांच्या आत, बाहेर वा अंगी जे काही मोल आजवर दडलेलं असेल ते मूळ मालकाचंच राहील. मेष्ट्रू सही करायला तयार होते. एवढ्या तत्परतेनं सही करणारा माणूस बघून वकील आणखी घाबरले. त्यांनी चारही टायर उतरवून घेतले, बॅटरी घेऊन आतून तपासले. काही सापडलं नाही, आणि काहीच सापडत नाही म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. स्वतःच्या गाडीला स्वतःच नवे टायर आणून त्यांनी ते जुने चार कायद्याच्या पुस्तकांच्या खोलीत ठेवले आणि कुलूप लावलं.

मेष्ट्रूंचे दोन दिवस वाईट गेले. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलले, इतके खचले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वर माझ्या खोलीशी आले.

"मेडम, टायरात काही नाही. गुण आहे तो वकिलांच्या चालीत. ती काही कुलपात ठेवता येत नाही की नाही?"

त्यांनी बाजारातून चार कोरे उरेब टायर आणले आणि ते थंडीपर्यंत वकिलांच्या चालीनं झिजवायचे असा बेत केला. वाट तीच, सोसलेची. जाऊन येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर. वेग तोच. वकील टी. नरसीपुराच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी थांबवून पाणी प्यायचे, तर हेही तिथे थांबून पाणी प्यायले. वकिलांची एकादशी पंधरा दिवसांनी. मेष्ट्रूंनी आठवड्यातून तीनदा एकादशी केली. आपल्या मागून एक शर्यतीची गाडी चाळीसच्या वेगानं येतेय, हे आरशात बघून वकिलांनी पुस्तकांच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं.

एक अडचण राहिली. डावीकडे वकीलीणबाईंचं वजन. ते नसेल तर उजवे टायर जास्त झिजणार. मेष्ट्रूंनी तांदळाचं पोतं ठेवून बघितलं. वळणावर पोतं त्यांच्या मांडीवर आलं. मला विचारलं, मग मला खालपासून वर बघून म्हणाले, "तुमी म्हणजे अर्ध्या वकीलीणबाई." शेवटी धीर करून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

काकू पीठ मळत होत्या. "मी? त्या गाडीत? शप्पत मी घातली आणि वजनही मीच व्हायचं?"

"तू बसलीस तर टायर नीट झिजतील. टायर नीट झिजले तर शप्पत पाळता येईल."

काकूंनी पीठ झाकून ठेवलं. त्यांना ते पटलं की त्यांना शे-पन्नास ब्लाउजांच्या बाह्यांतून एक दिवस सुटी हवी होती, हे मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी त्या डोळे मिटून, दोन्ही हातांनी दार धरून, जिवाच्या आकांतानं नामस्मरण करत गेल्या. दुसऱ्या खेपेला उशी घेतली. चौथ्या खेपेला डबा. महिन्याभरात डोक्याला बांधायला एक हिरवा रुमाल शिवला, गाडीच्या रंगाशी जुळता, आणि कुणी बघितलं तर उरलेल्या कापडाचा आहे म्हणून सांगायला लागल्या. उरलेल्या कापडात तसलं हिरवं कापड त्या दुकानात नव्हतं. मी दर रविवारी प्रयोगशाळेतलं माप आणून नक्षीची खोली मोजायची. मेष्ट्रू आधी नखानं मोजायचे. आमची उत्तरं जुळायची. काकू उंबऱ्यावर बसून विचारायच्या, "किती झालं गं?" मी सांगितलं की म्हणायच्या, "म्हणजे अजून बरंच जायला लागणार." तक्रारीच्या सुरात म्हणायच्या, पण मी काही बहिरी नाही.

एकदा पाऊस थांबल्यावर गच्चीवर पापड वाळत घालताना त्या मला म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. हे कापायला बसायचे, मी शिवायला. पाठीला पाठ. तोंड बघून बोललो ते सोसलेच्या वाटेवर. ते तिथं चाळीसच्या वेगानं जातात ना, मग बोलायला वेळ मिळतो." एवढं बोलून त्या पापड उलटायला लागल्या. मला फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही, कारण थंडी दोन महिन्यांवर आली होती.

ठरलेल्या रविवारी मेष्ट्रू आणि काकू गाडीतून गेले. मी मागून वकिलांच्या अँबॅसडरमधून. टायरांचं गुपित आज उघडं पडणार म्हणून वकील स्वतः आले होते, आणि चाळीसच्या वेगानं पोहोचायला आम्हाला पहाटेच निघावं लागलं. बंगळूरचा गृहस्थ ड्रायव्हरसह हजर होता. ड्रायव्हर बिचारा गाडीची गादी दाबून बघत होता, म्हैसूरहून आलेली ती गाडी दुपारी त्यालाच न्यायची होती ना.

काकूंनी माझा हात धरला आणि सगळे जिथे बसले होते तिथे न बसता मला पार टोकाच्या वळणापाशी नेलं. गाडी दोन्ही वेळा गेली होती ती इथूनच. "इथूनच बघायचं. उगाच मागनं कुणी काही सांगायला नको." त्यांनी सतरंजी अंथरली. रस्त्याची कड जिथे संपते तिथून पुढे तांबडी माती होती.

पहिली फेरी मेष्ट्रूंनी सोसलेला निघाल्यासारखी मारली. दुसरीत गाडी पळाली. वळणावर आली तेव्हा टायर बारीक आवाजात कण्हले, गाडी किंचित मागून सरकली आणि मेष्ट्रूंनी स्टिअरिंग थोडं उलटं फिरवून तिला सरळ केलं. टायरनी सांगितलं, यांनी ऐकलं. इतकं सोपं होतं ते. मला रडू आलं. काकूंचा उजवा पाय जिथे गाडीत ब्रेक असतो तिथे दाबलेला होता.

शेवटच्या फेरीत मेष्ट्रूंना मोह झाला. तो दिसत होता. खांदे पुढे आले होते. टायर कण्हले, मग ओरडले. गाडी मागून फार सरकली आणि मागचं डावं चाक कडेवरून खाली उतरलं. लुगड्याच्या लांबीइतकं अंतर ते मातीतून गेलं, तांबड्या धुळीचा लोट उठला, आणि मग गाडी पुन्हा रस्त्यावर चढली आणि निघून गेली.

मी काकूंकडे बघितलं. काकू उठल्या, सतरंजी उचलली आणि झटकायला लागल्या. खूप जोरानं, खूप वेळ.

बंगळूरचा गृहस्थ धापा टाकत पळत आला, त्याच्यामागे वकील. "धूळ उडाली. मी पाहिली. चाक उतरलं ना?"

"सतरंजी झटकली मी," काकू म्हणाल्या.

"एवढी धूळ?"

"सतरंजी बघा की केवढी आहे."

वकील पुढे झाले. आयुष्यभराची सवय. "बाई, देवाला स्मरून सांगा. चाक रस्त्याच्या खाली गेलं होतं?"

"नाही."

"तुम्ही त्या वेळी रस्त्याकडे बघत होतात की सतरंजीकडे?"

"दोन्हीकडे."

वकिलांनी तांबड्या मातीत उमटलेल्या टायरच्या नक्षीकडे बघितलं. ती नक्षी ते ओळखत असणार. इतके महिने आरशात पाहिली होती. मग त्यांनी तिच्यावर पाय ठेवला, दुसराही ठेवला, आणि बंगळूरच्या गृहस्थाला म्हणाले, "साक्षीदार विश्वासार्ह आहे. चला."

आम्ही परत आलो तेव्हा मेष्ट्रू मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. खाचांमध्ये तांबडी माती भरलेली. टेप त्यांनी गळ्यातून काढून हातात घेतली होती.

"मेडम, गेली होती," ते हळूच म्हणाले. "टायरनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

काकू त्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या. डोक्यातली पिन काढून त्यांनी खाचांतली माती उकरायला घेतली, आणि उरलेली पदरानं पुसायला लागल्या, अगदी कडेपर्यंत.

"अगं, विठ्ठलापुढं शप्पत घेतली मी."

"चाक उतरलं की नाही, ते मी सांगणार, असंही म्हणालात. मी सांगितलं. अष्टे."

"आणि विठ्ठलाला काय सांगायचं?"

"विठ्ठलाचं मी बघते. तुमी हवा बघा. या चाकात कमी वाटते मला, आणि परवा सोसलेला जायचंय."

मेष्ट्रू काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी गेज लावून बघितलं. हवा खरंच दोन पाउंड कमी होती.